विधान परिषदेचा मतदार

महाराष्ट्र विधान परिषदेची सदस्यसंख्या ७८ आहे. त्यांपैकी ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकप्रतिनिधी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. उरलेल्या १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. विधानसभेसाठी राज्यातल्या प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक मत असते. परिषदेत मात्र मत मिळते ते माणूस कोणत्या पदावर आहे, काय शिकला आहे किंवा कोणते काम करतो यावरून. हे परिषदेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे आणि तिच्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळही इथेच आहे. ही मतदारव्यवस्था राज्यघटनेने नव्याने शोधून काढलेली नाही. तिची मुळे मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या एका प्रथेपर्यंत जातात.

मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने अस्तित्वात आले. त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क यांच्या अध्यक्षतेखाली झाली. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात काही जादा सभासद घालून हे कौन्सिल बनवले होते आणि ते सगळे नेमलेले होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे प्रतिष्ठित नागरिक त्यात होते, परंतु त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. सरकारला प्रश्न विचारण्याचा किंवा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकारही सभासदांना नव्हता. पुढची तीस वर्षे हीच स्थिती राहिली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत कौन्सिलांमध्ये लोकनियुक्त सभासद हवेत ही मागणी पुन्हा पुन्हा पुढे आली, ती याच कारणाने.

१८९२ च्या कायद्याने या मागणीला अर्धामुर्धा प्रतिसाद दिला. निवडणूक हा शब्द कायद्यात येऊ दिला गेला नाही. काही संस्थांनी नावाची शिफारस करावी आणि गव्हर्नरने त्या व्यक्तीला नेमावे, अशी रचना करण्यात आली. व्यवहारात शिफारस झालेले नाव सहसा स्वीकारले जाई, म्हणून ती निवडणूकच ठरली. मुंबई इलाख्यात हा अधिकार मुंबई महापालिका, मुंबई विद्यापीठ, व्यापाऱ्यांचे चेंबर, दख्खनचे सरदार आणि विभागवार गटांत बांधलेल्या नगरपालिका व लोकल बोर्डे यांना मिळाला. हिंदुस्थानातल्या जनतेला वर्गांचा आणि हितसंबंधांचा समूह मानून प्रतिनिधित्व द्यायचे, एकेकट्या माणसाला नाही, अशी सरकारची दृष्टी होती. तरीही या अरुंद वाटेने जी माणसे आत आली त्यांनी कौन्सिलचे रूप पालटले. १८९३ मध्ये महापालिकेने फिरोजशहा मेहता यांना पाठवले. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक लोकल बोर्डांच्या मतांवर निवडून आले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडले गेले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलमध्ये आले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक रेटून नेले जात असताना मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभा सोडून बाहेर पडले. मतदान करून हे विधेयक रोखणे त्यांना शक्य नव्हते, कारण बहुमत सरकारी सभासदांचे होते. शेतकऱ्याच्या जमिनीच्या प्रश्नावरचा तो सभात्याग या प्रांताच्या संसदीय इतिहासातला ठळक प्रसंग आहे, आणि तो घडवणारे प्रतिनिधी मूठभर संस्थांच्या मतांवर आलेले होते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजच्या परिषदेशी १८९२ च्या यादीचे साम्य लगेच दिसते. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या जागी आज स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ आहेत, आणि विद्यापीठाच्या जागेचा वारसा पदवीधरांच्या मतदारसंघाकडे आला आहे. सरदार आणि चेंबर गळून गेले. आमदारांनी निवडायच्या जागा ही मात्र पूर्णपणे पुढच्या काळाची भर आहे.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी निवडणूक उघडपणे मान्य केली, सभासदसंख्या वाढवली आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण केले. १९१९ च्या कायद्याने प्रत्यक्ष मतदान आले. शेतसारा, घरभाडे किंवा प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाला मताचा हक्क मिळाला आणि १९२१ पासून मुंबई लेजिस्लेटिव्ह कौन्सिल बहुसंख्य निवडून आलेल्या सभासदांचे झाले. हे कौन्सिल एकच सभागृह होते. त्याच्यावर किंवा खाली दुसरे सभागृह नव्हते. विद्यापीठाची जागा मात्र टिकून राहिली. पूर्वी तिच्यासाठी सिनेटचे सभासद मत देत, आता नोंदणी केलेल्या पदवीधरांना तो हक्क मिळाला. १९२७ मध्ये कन्हैयालाल मुन्शी याच जागेवरून निवडून आले आणि १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला.

दोन सभागृहांची पद्धत १९३५ च्या कायद्याने आली. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांत विधानसभेबरोबर कौन्सिलही स्थापन झाले. जुने नाव वरिष्ठ सभागृहाला मिळाले आणि लोकांचे मुख्य सभागृह असेम्ब्ली झाले. मुंबईच्या कौन्सिलमध्ये २६ निवडलेले सभासद होते: सर्वसाधारण २०, मुसलमान ५ आणि युरोपियन १. शिवाय तीन ते चार सभासद गव्हर्नर नेमत असे. कौन्सिल बरखास्त होत नसे. दर तीन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होत. त्याच्या मतदारांसाठी मालमत्तेची अट असेम्ब्लीच्या मतदारांपेक्षा बरीच कडक होती. नव्या लोकनियुक्त असेम्ब्लीला आवर घालण्यासाठी श्रीमंतांचे आणि मानकऱ्यांचे सभागृह उभे करण्याचा तो उघड प्रयत्न होता. तरीही १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबई कौन्सिलच्या २६ पैकी १३ जागा जिंकल्या. जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या कौन्सिलची पहिली बैठक झाली आणि मंगळदास पक्वासा त्याचे अध्यक्ष झाले.

स्वतंत्र भारताच्या घटना समितीत प्रांतांना दुसरे सभागृह हवे की नको, यावर एकमत नव्हते. अखेरीस हा निर्णय ज्या त्या प्रांताच्या सभासदांवर सोपवण्यात आला. मुंबई, मद्रास, बिहार, संयुक्त प्रांत, पश्चिम बंगाल आणि पूर्व पंजाब यांच्या सभासदांनी होकार दिला. मध्य प्रांत-वऱ्हाड, आसाम आणि ओरिसा यांनी नकार दिला. आसामने तर १९३५ च्या कायद्याने मिळालेले सभागृह सोडून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या चर्चेत ही सभागृहे प्रयोग म्हणूनच आणली जात आहेत आणि घटनेने त्यांना कायमचे स्थान दिलेले नाही, असे स्पष्ट केले. म्हणूनच परिषद रद्द करणे किंवा नव्याने स्थापणे सोपे ठेवले आहे: विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा करायचा. त्यासाठी घटनादुरुस्तीची प्रक्रिया लागत नाही.

परिषदेत कोण बसावे, या प्रश्नावर मसुदा समितीचे मत बदलत गेले. मूळ मसुद्यात आयर्लंडच्या धर्तीवर साहित्य, शेती, अभियांत्रिकी, प्रशासन अशा क्षेत्रांतल्या जाणकारांच्या याद्यांतून निम्मे सदस्य घेण्याची कल्पना होती. ती मागे पडली आणि आजचे अनुच्छेद १७१ तयार झाले. त्यानुसार सुमारे एक तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांनी, एक बारांश पदवीधरांनी, एक बारांश माध्यमिक व त्यावरच्या शिक्षकांनी आणि एक तृतीयांश विधानसभेने निवडायचे असतात. उरलेल्या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या व्यक्तींच्या नियुक्तीने भरायच्या. जाणकारांचे सभागृह हा मूळ विचार शेवटी या नियुक्त जागांपुरता उरला. संसदेला कायद्याने वेगळी रचना करण्याची मुभा घटनेने दिली आहे आणि महाराष्ट्रात तिचा परिणाम दिसतो. ७८ ची तिहाई २६ होते. पण आमदारांच्या वाट्याला ३० जागा आहेत आणि स्थानिक संस्थांच्या वाट्याला २२. परिषदेवर विधानसभेतल्या पक्षबळाची छाप इथे अधिक पडते, त्याचे एक कारण हे आहे.

१९५२ मध्ये नव्या घटनेखाली मुंबई राज्याची परिषद ७२ सदस्यांची झाली. परिषद विधानसभेच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठी असू नये अशी तेव्हा मर्यादा होती आणि विधानसभेत ३१५ सदस्य होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा एक तृतीयांशापर्यंत वाढवली. त्याच वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण झाले आणि पुढे विधानसभा ३९६ सदस्यांची आणि परिषद १०८ सदस्यांची झाली. मराठी मुलखाच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा आहे. विदर्भ तोपर्यंत मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. दोन्ही राज्यांना परिषद नव्हती. नागपूरच्या पदवीधराला किंवा औरंगाबादच्या शिक्षकाला वरिष्ठ सभागृहासाठी मत देण्याचा हक्क राज्यपुनर्रचनेतून प्रथमच मिळाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र वेगळा झाला तेव्हा परिषदेची संख्या ७८ ठरली आणि ती आजही तशीच आहे. गुजरातने एकच सभागृह ठेवले.

परिषद कायमस्वरूपी आहे. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. उमेदवाराचे वय किमान ३० वर्षे असावे लागते. विधानसभेत अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागा आहेत, परिषदेत त्या नाहीत. अधिकारांच्या बाबतीत परिषद दुय्यम आहे. धनविधेयक ती १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. साधे विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते. त्यानंतर विधानसभेचे म्हणणे टिकते. तरी परिषदेचा सदस्य मंत्री होऊ शकतो, मुख्यमंत्रीही होऊ शकतो, आणि राजकीय पक्षांना तिच्या जागांचे मोल वाटते ते मुख्यतः यामुळे. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झालेले पृथ्वीराज चव्हाण पुढे परिषदेचे सदस्य झाले. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांची घटनात्मक मुदत मे २०२० अखेर संपत होती आणि कोरोनाच्या साथीमुळे परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक पुढे ढकललेली होती. मंत्रिमंडळाने राज्यपाल नियुक्त जागेसाठी त्यांच्या नावाची शिफारस केली, पण तो मार्ग खुला झाला नाही. अखेर राज्यपालांच्या पत्रानंतर निवडणूक आयोगाने निवडणूक जाहीर केली आणि १४ मे रोजी नऊही उमेदवार बिनविरोध निवडून आले. आमदारांच्या मतदारसंघातली एक निवडणूक वेळेत झाली नसती तर राज्याचे सरकार पडले असते.

विधानसभेच्या आमदारांकडून होणारी निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. एकापेक्षा जास्त जागा असतील तेव्हा प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला, भरायच्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात आणि भागाकारात एक मिळवतात. हा निवडून येण्याचा कोटा. कोट्यापेक्षा जास्त झालेली मते पुढच्या पसंतीकडे वळतात, आणि तरीही जागा उरल्या तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढे जातात. या पद्धतीत सभागृहातल्या लहान पक्षालाही आपल्या बळाप्रमाणे वाटा मिळतो, आणि तो मिळावा हाच तिचा हेतू आहे. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील अठरा वर्षे परिषदेत होते. रिपब्लिकन नेते रा. सू. गवई १९६४ पासून तीन दशके सदस्य होते आणि १९७८ ते १९८२ या काळात सभापती होते. थेट निवडणुकीत ज्यांच्या पक्षांना मोठे यश मिळत नसे अशा विचारांना परिषदेत जागा मिळाली, ही तिची खरी कमाई आहे.

याच पद्धतीची दुसरी बाजू गुप्त मतदानात आहे. राज्यसभेसाठी २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्तच राहिले. शिवाय हे मतदान सभागृहाच्या कामकाजाचा भाग नसल्याने पक्षांतरबंदी कायद्याचा धाकही इथे चालत नाही. जागांइतकेच उमेदवार असतील तर निवडणूक बिनविरोध होते. एक जरी उमेदवार जास्त झाला तर आमदारांना हॉटेलांत एकत्र ठेवण्यापासून मतांची फाटाफूट होण्यापर्यंत सगळे सुरू होते. २० जून २०२२ रोजी दहा जागांसाठी अकरा उमेदवार होते. २८५ आमदारांनी मतदान केले, कोटा सुमारे २६ मतांचा होता. भारतीय जनता पक्षाचे पाचही उमेदवार निवडून आले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार सुरतेकडे निघाले आणि दहा दिवसांत महाविकास आघाडीचे सरकार गेले. १२ जुलै २०२४ च्या निवडणुकीत अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते. २७४ मतदारांसाठी कोटा २३ मतांचा येत होता. काँग्रेसची काही मते फुटली आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले. लहान पक्षांना वाव देणाऱ्या पद्धतीत एन. डी. पाटलांच्या पक्षाचा उमेदवार अशा रीतीने पराभूत होतो तेव्हा दोष पद्धतीत कमी आणि मत विकत घेणाऱ्या व विकणाऱ्या व्यवहारात जास्त असतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२ सदस्य २१ मतदारसंघांतून येतात. मुंबईला दोन जागा आहेत. बाकी ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असे एकेका जिल्ह्याचे किंवा सांगली-सातारा, परभणी-हिंगोली, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली असे जोडजिल्ह्यांचे मतदारसंघ आहेत. महानगरपालिकांचे नगरसेवक, नगरपालिकांचे सदस्य, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती हे इथले मतदार असतात. ग्रामपंचायत सदस्यांना महाराष्ट्रात हे मत नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि या मतदारसंघांना खरा ग्रामीण पाया मिळाला. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद यांच्या जाळ्यावर काँग्रेसची पकड असल्यामुळे या जागा अनेक वर्षे तिच्याकडेच जात राहिल्या.

मतदारांची संख्या एका मतदारसंघात काही शेकड्यांत असते आणि प्रत्येक मतदाराचे नाव-गाव उमेदवाराला ठाऊक असते. म्हणून इथे प्रचारसभा होत नाहीत, थेट भेटीगाठी होतात. मतदानाआधी नगरसेवकांना गटागटाने सहलीला नेणे, त्यांना मतदानाच्या दिवशीच परत आणणे आणि पैशांचे वाटप या गोष्टी वर्तमानपत्रांच्या बातम्यांत नेहमीच्या झाल्या आहेत. गावच्या पाण्याची, रस्त्याची आणि शाळेची अडचण ज्याला रोज भेडसावते त्याचा आवाज राज्याच्या कायदेमंडळात पोहोचावा, हा या जागांमागचा उद्देश होता. त्या उद्देशाची इतकी झीज झाली आहे की पक्षांना आता ही जागा बिनविरोध करून घेणे सोयीचे वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये सहा जागांची निवडणूक होती. त्यांपैकी मुंबईच्या दोन, कोल्हापूर आणि धुळे-नंदुरबार या चार जागा बिनविरोध भरल्या गेल्या. मतदान झाले ते फक्त नागपूर आणि अकोला-वाशीम-बुलढाणा येथे.

पदवीधर मतदारसंघ सात आहेत: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. मतदार होण्यासाठी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि मतदारसंघात सर्वसाधारण वास्तव्य असावे लागते. विधानसभेच्या मतदारयादीप्रमाणे ही यादी पुढच्या निवडणुकीसाठी तशीच चालत नाही. दर निवडणुकीपूर्वी १ नोव्हेंबर या तारखेच्या आधारे ती नव्याने तयार होते आणि प्रत्येकाला नमुना १८ भरून नाव पुन्हा नोंदवावे लागते. ज्या पक्षाची किंवा संघटनेची नोंदणीची यंत्रणा चांगली, त्याची निम्मी निवडणूक इथेच जिंकलेली असते. स्वतःहून अर्ज भरणारे पदवीधर थोडे असतात, आणि सुशिक्षित मतदारांच्या या उदासीनतेचा खेद वाटावा इतकी ती जुनी आहे. इथे मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच पसंतीक्रम लिहावा लागतो. तो आकड्यातच लिहायचा, अक्षरात नाही, बरोबरची खूण करायची नाही आणि सही करायची नाही. जागा एकच असल्याने वैध मतांच्या निम्म्याहून एक मत अधिक हा कोटा असतो. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही तर बाद फेऱ्या सुरू होतात आणि मोजणी रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

पदवीधरांच्या मतदारसंघातून निवडून येण्यासाठी उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही. मद्रासच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा मुद्दा निकाली काढला: मतदारांची अर्हता ही उमेदवाराची अर्हता होत नाही.

काँग्रेसच्या वर्चस्वाच्या काळात विरोधी पक्षांना परिषदेचे दार खरे उघडले ते पदवीधर मतदारसंघांनी. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे समाजवादी ग. प्र. प्रधान १९६६ मध्ये पुण्यातून निवडून आले आणि सलग अठरा वर्षे, १९८४ पर्यंत, सदस्य राहिले. आणीबाणीत ते तुरुंगात होते. पुढे परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. पैसा आणि साखर कारखान्याचे बळ नसलेल्या अभ्यासू कार्यकर्त्याला कायदेमंडळात दीर्घकाळ टिकता येते, हे या मतदारसंघाने प्रधानांच्या रूपाने दाखवले. परिषदेच्या बाजूने याहून चांगला पुरावा क्वचित सापडेल. अमरावतीतून प्राध्यापकांच्या चळवळीतले बी. टी. देशमुख दीर्घकाळ निवडून येत राहिले आणि विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न त्यांनी सभागृहात आकडेवारीनिशी लावून धरला. नागपूरचा मतदारसंघ जनसंघ आणि नंतर भाजपचा बालेकिल्ला झाला. नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत इथूनच सदस्य होते. प्रकाश जावडेकर आणि नंतर चंद्रकांत पाटील यांनी पुण्याचे प्रतिनिधित्व केले. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अभिजित वंजारी आणि पुण्यात राष्ट्रवादीचे अरुण लाड निवडून आले, तेव्हा हे दोन्ही गड पहिल्यांदा एकाच वेळी ढासळले. २०२३ मध्ये नाशिकमधून सत्यजित तांबे अपक्ष म्हणून जिंकले.

शिक्षकांचे सात मतदारसंघ याच सात विभागांचे आहेत. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयात शिकवलेल्या व्यक्तीला इथे नमुना १९ भरून मतदार होता येते. मतदारांची संख्या पदवीधरांपेक्षा खूप कमी असते आणि त्यांच्यात संघटनांची मुळे खोल असतात. म्हणून इथे पक्षाच्या चिन्हापेक्षा शिक्षक संघटनेचे नाव जास्त चालते. विनाअनुदानित शाळांचे अनुदान, वेतनश्रेणी, जुनी पेन्शन आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन हे विषय परिषदेच्या कामकाजात सतत दिसतात, ते या सात सदस्यांमुळे. मुंबईतून कपिल पाटील २००६ पासून तीन मुदती सदस्य होते. २०२० मध्ये अमरावतीतून किरण सरनाईक अपक्ष निवडून आले. प्राथमिक शिक्षक मात्र या मतदारसंघाबाहेर आहेत. वाडीवस्तीवरच्या शाळेत पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या शिक्षिकेला हे मत नाही आणि महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ते आहे. घटनेने घातलेल्या या अटीचे समर्थन १९५० मध्ये कदाचित करता आले असते. आज ते करता येत नाही.

राज्यपाल नियुक्त बारा जागांसाठी मतदान होत नाही. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी या जागांवरून सभागृहात बसले. पुढे पक्षकार्यकर्त्यांची सोय लावण्याकडे कल वाढला. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेल्या बारा नावांवर राज्यपालांनी निर्णय घेतला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये वाजवी वेळेत निर्णय अपेक्षित असल्याचे सांगितले, तरी कोंडी सुटली नाही. २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नियुक्ती झाली. चार वर्षे बारा जागा रिकाम्या राहिल्या.

देशात अनेक राज्यांनी दुसरे सभागृह सोडून दिले. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये आणि तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद रद्द केली. आंध्र प्रदेशाने १९८५ मध्ये ती रद्द करून २००७ मध्ये पुन्हा स्थापन केली. जम्मू-काश्मीरची परिषद २०१९ मध्ये संपली. आता उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण या सहाच राज्यांत परिषदा आहेत, आणि १०० सदस्यांच्या उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राची परिषद सर्वांत मोठी आहे.

महाराष्ट्रात परिषदेवर अलीकडे आलेले सर्वांत गंभीर संकट तिच्या सर्वांत जुन्या मतदारवर्गातून आले. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात निवडणूक घेण्यासाठी किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असाव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या, तिथे प्रशासक बसले आणि परिषदेचे मतदारच नाहीसे झाले. सोलापूर आणि अहमदनगर या जागांची निवडणूक २०२१ च्या अखेरीस होऊ शकली नाही. त्यानंतर २०२२ आणि २०२४ मध्ये मुदत संपलेल्या जागाही एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. ज्या संस्थांनी टिळकांना कौन्सिलमध्ये पाठवले त्यांच्या निवडणुका वेळेवर घेणे ही राज्य सरकारची जबाबदारी होती, आणि ती पाळली गेली नाही.